जहाजावर सोडलेला रोजा

औरंगपुऱ्यात भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुमजली घर आहे. रमजान आठवड्यावर आला की त्या घरातल्या कपाटावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली उतरतो. त्यात घराचे उतारे आहेत, दोन-चार जुने फोटो आहेत आणि घडीवर फाटलेलं, पिवळं पडलेलं रमजानचं एक वेळापत्रक आहे. असली वेळापत्रकं आपल्या शहराला नवी नाहीत. सिटी चौकापासून शहागंजपर्यंत कुठल्याही दुकानात ती फुकट मिळतात. वर दुकानाची जाहिरात, खाली तीस दिवसांचे रकाने: सहेरी कधी संपते, इफ्तार कधी होतो. या डब्यातलं वेळापत्रक १९७४ सालचं आहे. त्याच्या छापील बाजूकडे आता कुणी पाहत नाही. पाहायची असते ती मागची बाजू. तिथे पेन्सिलीने आठ ओळी लिहिल्या आहेत आणि प्रत्येक ओळीत दोन वेळा आहेत. एक घरची, एक जहाजावरची.

त्या आठ ओळी लिहिणारे नाना आज हयात नाहीत. सरस्वती भुवनच्या बाजूला त्यांचं बाइंडिंगचं लहानसं दुकान होतं. शाळा-कॉलेजांची आणि वाचनालयांची पुस्तकं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नानी आता सत्तरी ओलांडून पुढे गेल्या आहेत. रोजे अजून सोडत नाहीत, डॉक्टर रागावले तरी. वेळापत्रकाची गोष्ट त्याच सांगतात, आणि दर वेळी सुरुवात करतात ती जहाजापासून नाही, तर उधारीपासून.

हजला निघणाऱ्या माणसाने आधी लोकांचं देणं फेडायचं असतं. देवाच्या बाबतीत झालेली चूक देव माफ करील, पण शेजाऱ्याचं दुखावलेलं मन किंवा वाण्याचे राहिलेले पैसे हजने फिटत नाहीत. ते ज्याचे त्यालाच द्यावे लागतात. म्हणून जुन्या काळी हाजी निघण्याआधी घरोघर फिरत आणि एकच वाक्य बोलत: कहा-सुना माफ करना. बोललं-चाललं पोटात घाला. हे नुसतं रिवाजाचं बोलणं नव्हतं. परत येऊ याची खात्री कुणालाच नसे. कितीतरी जण सामानाच्या तळाशी स्वतःचं कफन घडी करून नेत.

नानींच्या सासू, म्हणजे अम्मा, अशाच निघाल्या होत्या. वीस वर्षं शिलाई करून जमवलेले पैसे आणि सराफ्यात मोडलेले चांदीचे तोडे, एवढ्यावर तिघांचं भाडं उभं राहिलं. अम्मांच्या सोबतीला मुलगा, आणि अम्मांचे गुडघे धरलेले असल्याने त्यांचं करायला सून. त्या काळी अर्ज फार आणि जहाजावर जागा कमी. परदेशी चलनाचीही टंचाई. नावं चिठ्ठ्या टाकून निघत. या घरातली तिन्ही नावं एकदम निघाली, तेव्हा आनंद झाला आणि लगेच घरात शांतता पसरली. सुनेच्या कडेवर चौदा महिन्यांची मुन्नी होती.

अम्मांनी गल्लीतली सगळी घरं केली. एकच राहिलं, भिंतीला भिंत लागून असलेलं काकूंचं. सहा वर्षांपूर्वी नळाच्या पाण्यावरून भांडण झालं होतं. आधी बोलणं बंद झालं, मग सणावाराचं ताटही थांबलं. निघायच्या चार दिवस आधी अम्मा त्या घराच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि ते वाक्य बोलल्या. काकू आतून म्हणाल्या, "दारातून काय माफी मागता? आत या." मग पाट मांडला, चहा केला. आपले सासरे काशीला निघाले तेव्हा असेच गावभर फिरून आले होते, हे काकूंनी त्या दिवशी सांगितलं. नळाचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही.

मुन्नीला धाकट्या जावेकडे ठेवायचं ठरलं होतं, पण जावेलाच सातवा महिना होता. काकू म्हणाल्या, दिवसभर माझ्याकडे राहील, रात्री झोपायला तुमच्या घरी. निघताना त्यांनी एक डबा दिला. आलेपाकाच्या वड्या. जहाजावर मळमळतं म्हणतात, तोंडात धरा.

तेव्हा औरंगाबादहून मनमाडपर्यंत मीटरगेजची गाडी होती. मुंबईसाठी मनमाडला सामान उतरवून मोठ्या गाडीत चढायचं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात देशभरचे हाजी उतरत. कुणी बिहारचे, कुणी मलबारचे, कुणी मराठवाड्यातले. देवीची लस आणि कॉलऱ्याची लस टोचल्याचे दाखले, हजसाठी वेगळा मिळणारा पिलग्रिम पास, सामानावर रंगाने लिहिलेली नावं, पोहोचवायला आलेल्या नातेवाइकांची रडारड. एका हाजीला सोडायला वीस-वीस माणसं येत. औरंगपुऱ्याच्या या तिघांना सोडायला कुणी आलं नव्हतं. मुन्नी रडेल म्हणून अम्मांनीच सगळ्यांना स्टेशनवरून परत पाठवलं होतं.

या जहाजांचा इतिहास बराच मागे जातो. मुंबईत १८७७ साली स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि हिंदुस्थानातल्या हाजींची ने-आण मुख्यतः तिच्याच जहाजांनी होऊ लागली. 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी' ही नावं जुन्या मुस्लिम घरांतून अजून ऐकू येतात. सत्तरच्या दशकात 'अकबर' आलं. त्याआधीच्या पिढ्यांचा प्रवास फार खडतर होता. डेकवर शेगड्या पेटवून आपलं अन्न आपणच शिजवायचं, आणि तांबड्या समुद्रात कामारान नावाच्या बेटावर उतरून रोगराईच्या भीतीने क्वारंटाइनमध्ये दिवस काढायचे. १९७४ पर्यंत यातलं बरंच सुधारलं होतं. जेवण जहाजावर मिळे, डॉक्टर असे, आणि हाजींची गाऱ्हाणी ऐकायला प्रत्येक जहाजावर एक अमीर-उल-हज नेमलेला असे. भीती मात्र सुधारणांनी जात नाही. आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुघल लाइनचंच 'सौदी' हे जहाज सोमालियाच्या टोकाजवळ बुडालं होतं. मुसाफिरखान्यात लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलत, आणि बायका जवळ आल्या की विषय बदलत.

काही जहाजं रमजाननंतर निघत, काही त्याआधी. आधीच्या जहाजाने गेलं की रमजान मक्का-मदिनेत मिळे. पण घरापासून चार-साडेचार महिने दूर राहावं लागे. या तिघांना आधीचं जहाज मिळालं होतं. शाबान महिना संपत आला होता, सप्टेंबरचे दिवस होते. आणि या तेवीस वर्षांच्या सुनेच्या नावावर अजून एक उधारी बाकी होती.

आदल्या रमजानमध्ये मुन्नी अंगावर पिणारी, अगदी लहान. तेव्हा तिचे अकरा रोजे राहून गेले होते. राहिलेले रोजे पुढचा रमजान येण्याआधी पुरे करून टाकावेत, असा घरोघरच्या बायकांचा प्रयत्न असतो. कजा रोजे म्हणतात त्यांना. दहा झाले होते, एक राहिला होता. प्रवासात रोजा पुढे ढकलायची सवलत धर्मानेच दिली आहे, हे अम्मांनी तिला दोनदा सांगितलं. पण सासूने गल्लीभर फिरून सगळ्यांचा हिशेब चुकता केलेला तिने पाहिला होता. आपलाही काही बाकी ठेवून जहाजावर पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं आणि जहाज सुटायच्या दिवशी मुसाफिरखान्यात अंधारात उठून सहेरी केली.

गोदीतली ती दुपार नानींना तुकड्यातुकड्यांनी आठवते. लांबच लांब रांग. पुढच्या माणसाच्या डोक्यावरचं गाठोडं सारखं आपल्या तोंडावर येतंय. शिडी हलतेय, अम्मांचे गुडघे थरथरताहेत, आणि मागून नाना ओरडताहेत, "खाली मत देखो, खाली मत देखो!" खालच्या वर्गात लोखंडी पलंग एकावर एक होते. डिझेलचा, नव्या रंगाचा आणि शेकडो माणसांच्या शिदोऱ्यांचा वास एकात एक मिसळला होता. शेजारच्या पलंगावर कोकणातली एक म्हातारी होती. तिचं मराठी आणि अम्मांचं मराठी एकमेकींना अर्धंच कळत होतं, पण तेवढ्यावर त्यांची मैत्री जुळली. कोकणातल्या म्हातारीने अम्मांना पहिला धडा दिला: पलंगावर आडवं पडू नका, वर हवेत चला, डोळे लांब ठेवा.

भोंगा झाला. काठावरच्या माणसांनी हात वर केले, वरच्यांनी रुमाल हलवले. ज्यांना सोडायला कुणीच आलेलं नव्हतं, तेही कुणाकडे तरी पाहून हात हलवत होते. नानींनी एका लाल साडीतल्या अनोळखी बाईला हात केला. त्या बाईनेही उलट हात केला.

ताजमहाल हॉटेलचा घुमट लहान होत गेला. कुलाब्याच्या टोकापलीकडचा दीपस्तंभ मागे पडला आणि जहाज डोलायला लागलं. पावसाळा अजून पुरता ओसरला नव्हता, पाण्यात जोर होता. मराठवाड्याच्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, आड, फार तर पैठणची गोदावरी. दोनच वर्षांपूर्वी बहात्तरच्या दुष्काळात याच अम्मांनी टँकरपुढे हंडे लावून रात्री काढल्या होत्या. कठड्याला धरून त्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं पाणी, आणि घोटभरही पिता येत नाही." नाना हसले. अम्मा हसल्या नाहीत.

पाच वाजायच्या सुमाराला सुनेला उलटी झाली. उलटीपेक्षा धक्का मोठा होता, कारण शेवटचा रोजा गेला असंच तिला वाटलं. ती कोपऱ्यात बसून रडायला लागली. नाना शोधत शोधत एका मौलवीसाहेबांकडे गेले. तेही कठडा धरून उभे होते, रंग उडालेला. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं: आपोआप झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही, जाणूनबुजून केली तरच तुटतो. एवढं बोलून ते स्वतःच वाकले. नानी हे सांगताना आजही तोंडाला पदर लावून हसतात. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: या मसल्याचं उत्तर पुस्तकात पाहून सांगणारे पुष्कळ भेटतात, त्याच घटकेला त्यातून जाऊन सांगणारा क्वचितच.

मग ती शेवटची अर्धी घटका आली, आणि नानींच्या लेखी सगळा प्रवास तिच्यातच आहे.

नानांनी ते वेळापत्रक दुकानातून सोबत घेतलं होतं, रमजानमध्ये लागेल म्हणून. ते औरंगाबादच्या वेळांचं होतं. रमजानच्या पहिल्या दिवसाला अजून काही दिवस होते, पण पाच-सहा दिवसांत सूर्यास्त किती सरकतो याचा अंदाज त्यांना होता. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "साडेसहा झाले. घरी तीन-चार मिनिटांत मगरिबची अजान होईल." सुनेने हातात खजूर धरला. साडेसहा झाले, सहा तेहतीस झाले. सूर्य पाण्याच्या वर, अख्खा, लालभडक. जहाजावर अजानचं नाव नाही.

यात चमत्कार काही नव्हता. औरंगाबाद मुंबईच्या पूर्वेला अडीच अंश रेखांश आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे औरंगाबादला सूर्य मुंबईच्या सुमारे दहा मिनिटं आधी मावळतो. घड्याळ देशभर एकच असल्याने एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय दुपारपासून जहाज पश्चिमेला निघालं होतं, म्हणजे पाठलाग मावळत्या सूर्याचाच. नानांनी हे सगळं समजावून सांगितलं. ते सुनेला कळलंही. पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं.

औरंगपुऱ्यात यावेळी अजान झाली असेल. त्या आवाजावर मुन्नी रोज हात वर करायची, कारण अजान झाली की तिला खजुराचा मऊ तुकडा मिळायचा. घरात कुणाचा ना कुणाचा शाबानचा रोजा असेच. आज तिने हात वर केला असेल. कुणी तुकडा दिला असेल का? की ती काकूंच्या घरीच असेल, जिथे अजान भिंतीपलीकडून ऐकू येते पण खजूर नसतो? तिकडे संध्याकाळ झाली होती आणि इकडे ऊन होतं. गाडीत बसल्यापासून तीन दिवस ती मुलीपासून दूर होती, पण दूर गेल्याचं तिला त्या दहा-बारा मिनिटांत कळलं. आतापर्यंत दोघी निदान एकाच वेळेत राहत होत्या.

तिने नानांना फक्त एवढंच विचारलं, "मुन्नी जेवली असेल ना?" नाना काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वेळापत्रक उलटं केलं आणि घरची वेळ लिहिली.

मग सूर्य पाण्याला टेकला, चपटा झाला आणि गेला. जहाजाच्या कर्ण्यातून अजान आली. खजुराने रोजा सुटला, पाणी प्यायलं, आणि पोट पुन्हा ढवळायला लागलं तेव्हा काकूंची आलेपाकाची वडी तोंडात गेली. कोकणातल्या म्हातारीनेही एक मागून घेतली. नानांनी दुसरी वेळ लिहिली: सहा शेहेचाळीस. अकरावा रोजा पुरा झाला.

मगरिबची नमाज वरच्या डेकवर झाली. त्या रात्री किब्ल्याचा प्रश्न सोपा होता, कारण मुंबईहून निघालेल्या जहाजाचं नाक आणि मक्केची दिशा साधारण एकाच बाजूला, पश्चिमेला असते. पुढे तांबड्या समुद्रात शिरलं की जहाज उत्तरेकडे वळतं आणि त्याबरोबर नमाजीही वळतात. अम्मांना बसून नमाज पढायची सवय होती, तरी डोलणाऱ्या फळ्यांवर सजदा करताना त्यांनी दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरली होती.

पुढचे दिवस एकमेकांसारखे गेले. जहाजाची घड्याळं थोडी थोडी मागे घेतली जात. नाना मात्र मनगटावरचं घड्याळ बदलायला तयार नव्हते. मगरिब झाली की वेळापत्रकाच्या मागे एक ओळ वाढे, घरची वेळ आणि इथली वेळ. सुरुवातीला तेरा मिनिटं, मग अर्धा तास, मग पाऊण, मग तासावर. वाटेतच रमजानचा चाँद दिसला. कठड्यावर एकच गर्दी झाली आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. यलमलमची हद्द जवळ आली तेव्हा भोंगा वाजला आणि पुरुषांनी शिवलेले कपडे उतरवून एहरामच्या दोन पांढऱ्या चादरी अंगावर घेतल्या. शेवटच्या, आठव्या ओळीत फरक दोन तासांवर गेलेला आहे. जिद्दा औरंगाबादच्या पश्चिमेला छत्तीस अंशांवर आहे. हिशेब बरोबर बसतो. जिद्द्याला उतरल्यावरच नानांनी घड्याळाचे काटे फिरवले.

हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. शेवटच्या वर्षांत 'अकबरी' हे एकच जहाज उरलं होतं, आणि विमानापुढे त्याचंही चालेनासं झालं. २०१८ मध्ये हा मार्ग पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, वर्तमानपत्रांतून बरंच लिहूनही आलं. गेल्या वर्षी नानींची नात उमऱ्याला गेली. मुंबईहून विमानात बसली आणि साडेपाच तासांत जिद्द्याला उतरली. इफ्तारची वेळ फोनच सांगत होता, ती आपोआप बदलत होती. जाताना तिने कुणाची माफी मागितली का, असं नानींनी विचारलं, तेव्हा नात म्हणाली, ग्रुपवर मेसेज टाकला होता. नानी काही बोलल्या नाहीत.

अम्मा हज करून सुखरूप परत आल्या आणि पुढे अकरा वर्षं जगल्या. नळाचं भांडण पुन्हा झालं, दोनदा, पण बोलणं बंद झालं नाही.

मुन्नी तेवढी बदलली होती. जानेवारीअखेर तिघं घरी पोहोचले तेव्हा ती चालायला लागली होती आणि बोलायलाही. तिचे पहिले शब्द मराठी होते. दारात उभ्या असलेल्या आईकडे तिने एकदा पाहिलं आणि काकूंच्या पदरात तोंड लपवलं. नानींनी हात पुढे केला तर ती किंचाळली. गल्लीतल्या बायका हार घेऊन आल्या होत्या, हाजींच्या हातात हात देऊन दुआ मागत होत्या, जमजमचं पाणी वाटलं जात होतं, आणि या गर्दीत हज करून आलेली आई भिंतीला टेकून बसली होती.

आठ दिवस मुन्नी आईजवळ झोपली नाही. मग काकूंनीच युक्ती काढली. संध्याकाळी जेवणं झाली की त्या मुन्नीला घेऊन या घरी येत, नानींच्या बिछान्याशेजारी बसत आणि तिला आपल्या मांडीवर थोपटत. डोळे मिटले की हळूच आईच्या कुशीत सरकवत. मध्यरात्री ती जागी झाली आणि आई दिसली तर रडेल, म्हणून काकू तशाच उंबऱ्याशी बसून राहत. श्वास पुरता लागला की उठत आणि पाय न वाजवता आपल्या घरी जात.